घोडी चुकली नव्हती, मी चुकलो होतो

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग घोडेस्वारीवर आहे. ज्यांना ‘घोड्यावर पहिल्यांदा कसं बसायचं’ हे हवंय त्यांच्यासाठी यूट्यूबवर भरपूर आहे. मी बोलणार आहे त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल. म्हणजे दुडकी येते, घोडा पळवता येतो, छोटी उडीही मारून झाली, आता पुढे काय? या टप्प्यावर माणूस सगळ्यात जास्त धोकादायक असतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझं कॉलरबोन मोडलं होतं. आणि ते माझं नुकसान त्यातल्या त्यात कमी होतं.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याजवळच्या एका गावचा. आमच्याकडे जनावर म्हणजे बैल. पोळा बैलाचा, तान्हा पोळा लाकडी बैलाचा, शर्यत म्हटली की शंकरपट. घोडा दिसायचा तो फक्त वरातीत. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाचा राहतात, त्यांचा धंदाच तो. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, टांगे बंद झाले, मग चाचांनी नवरदेवाची घोडी ठेवली. पांढरीशुभ्र, नाचणारी. तिला सगळे चांदणी म्हणतात. लहानपणी आम्ही पोट्टे शाळेतून येताना चाचांच्या अंगणात थांबायचो. तेव्हा चांदणीच्या आधीची घोडी होती. चाचा म्हणायचे, “बसायचं नंतर, आधी खरारा कर.” आम्ही दोन मिनिटं खरारा करून पळून जायचो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येईल.

पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पैसे भरून घोड्यावर बसलो. शनिवार-रविवार, तासाप्रमाणे फी. दोन वर्षांत मला वाटायला लागलं की आपल्याला येतं. साठ सेंटिमीटरच्या दांडीवरून उडी मारली होती, त्याची रील टाकली होती, लाइक आले होते. मग 26 सप्टेंबर 2023 ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं. सुदिप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते 1982 च्या दिल्ली स्पर्धेनंतर थेट तेव्हा, 41 वर्षांनी. मी ते व्हिडिओ परत परत बघितले. स्वार काहीच करत नाहीये आणि घोडा सगळं करतोय असं दिसतं. मला वाटलं, सोपं आहे की.

तर त्या दिवाळीत मी घरी गेलो आणि चाचांना म्हटलं, चांदणीला एक चक्कर मारू द्या. चाचा नको म्हणत होते. “बेटा, तिले वरातीची सवय हाय, पळवायची नाही.” मी म्हटलं, चाचा, मला येतं.

सोयाबीन काढून रिकामं झालेलं वावर होतं. मी मांड टाकली, लगाम आखडला आणि टाच मारली. पुण्यातल्या घोड्याला टाच म्हणजे ‘पुढे चल’. चांदणी जागच्या जागी नाचायला लागली. मला वाटलं ऐकत नाहीये. अजून जोरात टाच, अजून घट्ट लगाम. ती अजून उंच पाय उचलायला लागली. मग मी चिडलो. आणि मग ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगतो, कारण कुणाचा तरी जीव वाचेल. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला की लगाम सोडायचा, पुढे वाकायचं आणि आयाळ धरायची. माणसाची उपजत प्रतिक्रिया बरोबर उलटी असते. आपण मागे पडतोय म्हणून आपण लगामालाच लोंबकळतो. तीन-चारशे किलोचं जनावर दोन पायांवर आहे आणि आपण त्याला तोंडाला धरून मागे ओढतोय. ते आपल्या अंगावर पडू शकतं. मी लगाम ओढला. चांदणीचा तोल गेला, नशीब की ती बाजूला वळली. मी खांद्यावर पडलो. हेल्मेट होतं म्हणून आज बोलतोय.

घोडी घाबरून पळाली. लगाम पायात अडकत होता, तशीच गावातून थेट बस स्टँडपर्यंत. लोकांनी काय केलं असेल? मोबाइल काढले. संध्याकाळपर्यंत पन्नास गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ: ‘घोडी बिघडली, इंजिनिअरला पाडलं’. व्हिडिओत मी पडताना दिसतो, त्याआधी मी काय करत होतो ते नाही दिसत.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचा हंगाम सुरू. चाचांचं वर्षाचं पोट त्या काही महिन्यांवर चालतं. पहिल्याच आठवड्यात तीन बुकिंग रद्द झाल्या. आपला पोरगा बिघडलेल्या घोडीवर कोण बसवणार? बरोबरच आहे त्यांचं.

मी हात गळ्यात बांधून चाचांकडे गेलो. म्हटलं, नुकसान भरून देतो. चाचा बसले होते, चांदणीला कुटार टाकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “पैसे ठेव तुझ्यापाशी. घोडीचं नाव गेलं, ते दे वापस.”

पैसे देणं सोपं होतं. फोनपे केलं असतं, दोन मिनिटांत संपलं असतं.

पुण्यात परत आल्यावर मी माझ्या शिक्षकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तू उतरून, लगाम न धरता, तिच्याबरोबर कधी चाललास का?” नाही. मी तिला ओळखतही नव्हतो. मी थेट प्रॉडक्शनवर कोड टाकला होता.

शिकवणाऱ्या संस्थांमधल्या घोड्यांबद्दल एक सत्य सांगतो. ते घोडे आपल्या चुका झाकतात. रोज सात-आठ नवखे त्यांच्यावर बसतात. आपला पाय हलतोय, हात ओढतोय, हे सगळं ते दुर्लक्षित करायला शिकलेले असतात. आपल्याला वाटतं आपण चालवतोय. खरं तर पुढच्या घोड्यामागे जाणं त्यांना पाठ असतं. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळे. पण घोड्याची निगा, त्याचा स्वभाव, त्याचं दुखणंखुपणं हे दोघांच्याही रोजच्या जगण्यातलं. आपण तासाचे स्वार. तयार घोड्यावर बसतो आणि उतरून कॉफी प्यायला जातो.

हात बरा व्हायला दोन महिने गेले. त्यानंतर शिक्षकांनी मला परत पहिलीत बसवलं. लांब दोर लावून घोडा त्यांच्या हातात, गोल गोल फिरतोय. माझ्याकडे लगाम नाही, रिकीब नाही. फक्त बसायचं. आठ आठवडे.

मराठीत यासाठी फार छान शब्द आहे, मांड. पक्की मांड म्हणजे गुडघ्यांनी घोडा आवळून धरणं नव्हे. मी तेच करत होतो. गुडघे आवळले की आपलं बूड खोगिरातून वर उचललं जातं आणि आपण कपड्याच्या चिमट्यासारखे वर सटकतो. खरी मांड म्हणजे पाय कमरेपासून सैल लोंबतोय, वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं आहे, आणि कंबर घोड्याच्या पाठीबरोबर हलतेय. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत. परीक्षा सोपी आहे: घोडा जादूनं गायब झाला तर तुम्ही दोन पायांवर उभे राहाल की तोंडावर पडाल?

हे का महत्त्वाचं? कारण मांड पक्की नसेल तर हात तोल सांभाळायचं काम करतात. आणि हाताच्या दुसऱ्या टोकाला घोड्याचं तोंड आहे. मग आपण प्रत्येक झटक्याला त्याच्या जिभेवर मेसेज पाठवत असतो, तोही चुकीचा. हजार चुकीचे मेसेज आले की घोडा नोटिफिकेशन बंद करतो. त्यालाच आपण ‘तोंडाचा कडक’ म्हणतो.

दुसरी गोष्ट ठेका. साध्या चालीत चार ठोके, प्रत्येक पाय वेगळा. दुडकीत दोन, कारण तिरप्या जोडीनं पाय पडतात. कँटरमध्ये तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. भरधाव सुटला की परत चार. मी दोन वर्षं बसत होतो आणि डोळे मिटून मला सांगता येत नव्हतं की आत्ता कोणता पाय जमिनीवर आहे. शिक्षक विचारायचे, “मागचा डावा कधी पडतोय? बोल.” मी “आता… आता… आता” म्हणायचो आणि चुकायचो. सहाव्या आठवड्यात बरोबर यायला लागलं. हे कळल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. कारण घोड्याला पाय बाजूला टाकायला सांगायचं तर तो पाय हवेत असताना सांगावं लागतं. जमिनीवर वजन असलेला पाय तो उचलणार कसा? वर्तुळात डावीकडे कँटर हवा असेल तर आतला, म्हणजे डावा पुढचा पाय पुढे पडायला हवा. तो पडावा यासाठी आपण टाच कधी लावतो, वजन कुठे ठेवतो, यावर सगळं. जोर लागत नाही. वेळ लागते.

तिसरी गोष्ट, हाफ हॉल्ट. नाव अवघड, काम साधं. थांबवायचं असल्यासारखं एक क्षण कंबर स्थिर करायची, श्वास सोडायचा, बोटं मिटायची, आणि लगेच सोडून द्यायचं. घोडा थांबत नाही, पण वजन मागच्या पायांवर घेतो आणि ‘काहीतरी सांगणार आहे’ म्हणून कान मागे वळवतो. वळण्याआधी, वेग बदलण्याआधी, उडीआधी. यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे सोडून देणं. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. ज्या क्षणी तो बरोबर करतो त्या क्षणी तुम्ही सोडलं नाही, तर त्याला कळणार कसं की उत्तर बरोबर आलं?

हे सगळं घेऊन मी महिन्यातून एकदा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी जायला लागलो. शुक्रवारी निघायचं, शनिवारी सकाळी पोचायचं, रविवारी रात्री परत. चाचांनी पहिले तीन महिने मला चांदणीवर बसू दिलं नाही. खरारा, खूर साफ करणं, पाणी, चारा. मग तिला मोकळ्या दोरानं धरून फिरवणं, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या कडेच्या वाटेनं. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, कारण आपल्याकडे नऊनंतर माणूसच बाहेर पडत नाही, घोडी काय पडेल.

आणि तेव्हा चाचांनी मला तिची भाषा सांगितली. लगाम वर उचलला आणि पोटाशी टाच लागली की नाचायचं, हे ती लहानपणापासून शिकली होती. म्हणजे त्या दिवशी तिनं माझं शंभर टक्के ऐकलं होतं. मी जितकं जोरात सांगत होतो तितकी ती जास्त नाचत होती. शेवटी तिला नाचताही येईना आणि पुढेही जाता येईना, कारण लगाम ओढलेला. मग उरली एकच दिशा, वर. मी शेतात उभा राहून हे ऐकलं आणि खरं सांगतो, मला खाली बसावंसं वाटलं.

पण सगळं एकाच बाजूचं नव्हतं. खरारा करताना मला तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जुने वण दिसले. तिच्या तोंडातला लगाम काटेरी होता. वरातीच्या धंद्यात असा लगाम अनेक जण वापरतात. पण 1965 च्या ओझ्याच्या जनावरांबाबतच्या नियमांनुसार काटे असलेला लगाम वापरायला बंदी आहे. मी चाचांना हे सांगायला दोन फेऱ्या घाबरलो. ज्यांचा हंगाम मी बुडवला त्यांनाच मी कायदा शिकवायचा? शेवटी सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “काटा काढला तर डीजेत थांबवू कशी? तू थांबवशील?”

प्रश्न अगदी बरोबर होता. काटा काढायचा तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यायला हवं. मी पुण्याहून साधा स्नॅफल लगाम आणला. पहिले काही आठवडे तोंडात काहीच नाही, नुसता डोक्याचा दोर. आवाज, श्वास आणि मांड, एवढ्यावर थांबायचं शिकवायचं. शेतात वापरात नसलेले बांबू मांडले. दुडकीसाठी दोन बांबूंमध्ये साधारण 1.2 ते 1.4 मीटर अंतर लागतं, चांदणी ठेंगणी म्हणून आम्ही कमीच ठेवलं. बांबूंवरून जाताना घोड्याला पाय बघून टाकावे लागतात, मान खाली येते, पाठ सैल होते. तेलाचे रिकामे डबे ठेवून नागमोडी वळणं. वीस मीटरचं वर्तुळ दोरीनं आखलं. आधी चाचा हातात दोर धरून, मी वर. मग मी खाली, चाचा वर. साठीचा माणूस, रिकिबीशिवाय बसला तर सरळ रेषेत, जणू जमिनीतून उगवलाय. मी आठ आठवड्यांत जे शिकलो ते त्यांना टांग्याच्या घोड्यांवर पोरपणीच आलं होतं. फक्त त्यांना त्याची नावं माहीत नव्हती.

डीजेसाठी ब्लूटूथ स्पीकर. सुरुवातीला पन्नास पावलांवर, अगदी हळू. तिचे कान टवकारले की आवाज तिथेच ठेवायचा, तिनं मान खाली केली, ओठ चाटले की बंद करायचा आणि चणे द्यायचे. परत दाब आणि सुटका, तेच तत्त्व. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं दिसत नाही. म्हणून वरातीत मागून अचानक फटाका वाजला की तो पहिलं पळतो, विचार नंतर करतो. त्याच्या पूर्वजांचा जीव त्याच सवयीनं वाचला आहे. त्याला ‘भित्रा’ म्हणून मारून काही होत नाही. ग्रीसमधल्या झेनोफोननं सुमारे 2400 वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही हेच आहे की रागाच्या भरात घोड्याला हात लावू नका. चोवीसशे वर्षं झाली, आपण अजून चिडतोच.

डिसेंबर 2024 मध्ये माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. घरच्यांनी दुसऱ्या तालुक्यातून घोडी ठरवायचं चालवलं होतं. मी म्हटलं, चांदणी. आई म्हणाली, “तुझा खांदा मोडला तिनं.” मी म्हटलं, “आई, तिनं नाही, मी मोडला.” हे वाक्य मला तेरा महिन्यांपूर्वी, व्हिडिओ फिरत होता तेव्हाच, सगळ्या ग्रुपवर टाकायला हवं होतं. तेव्हा लाज वाटली म्हणून नाही टाकलं. चाचांचं खरं नुकसान माझ्या पडण्यानं कमी आणि माझ्या गप्प बसण्यानं जास्त झालं. त्या रात्री टाकलं. स्वतःच्या नावानं, सविस्तर.

वरातीत भाऊ वर, जन्मात पहिल्यांदा घोड्यावर. साधा लगाम. मी डाव्या बाजूला दोर धरून, चाचा उजवीकडे. फटाके नाहीत आणि डीजे घोडीपासून तीस पावलं पुढे, या दोन अटी चाचांनी आधीच घातल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा घातल्या म्हणाले. तरी चौकात कुणीतरी लडी लावलीच. चांदणीची मान वर गेली, पाठ ताठ झाली, मला दोरातून कळलं. मी दोर ओढला नाही. थांबलो, खांदे सोडले, मोठ्यानं श्वास सोडला आणि ‘हो… हो…’ म्हटलं, जसं वर्षभर म्हणत होतो. ती दोन पावलं मागे सरकली. मग थांबली. ओठ चाटले. भाऊ वरून विचारतो, “काय झालं?” म्हटलं, काही नाही, चल.

माझ्या घोडेस्वारीच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम मी जमिनीवर उभा राहून केलं. त्याची रील नाही.

त्या हंगामात चाचांना पहिल्यासारखी कामं आली का? नाही. पूर्ण नाही. गेलेलं नाव एका वरातीनं परत येत नाही. पण त्या मांडवातूनच दोन बुकिंग झाल्या, आणि दोघांनाही चाचांनी फटाक्यांची अट सांगितली. एकानं मान्य केली, एकानं नाही. ज्यानं नाही केली त्याला चाचा नाही म्हणाले. मी हे ऐकलं तेव्हा मला सुवर्णपदकाच्या व्हिडिओपेक्षा जास्त आनंद झाला.

तर जे माझ्यासारखे दोन वर्षं शिकलेत आणि ‘आता पुढे काय’ विचारतायत, त्यांना एवढंच सांगतो. पुढच्या उडीची उंची नंतर वाढवा. आधी महिनाभर रिकिबीशिवाय बसा. डोळे मिटून पाय मोजा. प्रत्येक नव्या घोड्याला, कितीही येत असलं तरी, आधी त्याच्या माणसाला विचारून मगच हात लावा, कारण तुमची टाच त्याच्या भाषेत काय म्हणते ते तुम्हाला माहीत नसतं. हेल्मेट आणि टाचेचे बूट यावर चर्चा नाही. आणि घोड्यानं पाडलं, तर व्हिडिओ टाकताना आधीची दोन मिनिटंही टाका.

परवा चाचांचा फोन आला होता. म्हणाले, “कधी येतो? चांदणीची आयाळ वाढली.” म्हणजे बसायला बोलावलं नाहीये. खरारा करायला बोलावलंय. येत्या शुक्रवारची ट्रॅव्हल्स बुक केली आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.